माया सोडून शिवलेलं घर

शनिवार, १४ जून २०२५, रात्र

पाय दुखताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवते. लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात दो हो सुह या कोरियन कलाकाराची कापडाची घरं पाहून आले. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "आत माया किती सोडली होती गं?" माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. चाळीस वर्षं गावातल्या बायकांची ब्लाउजं शिवली तिने, तिची नजर आधी शिवणीच्या आतच जाणार.

आणि तिथे माया खरंच दिसते. कापड इतकं झिरझिरीत की शिवण लपतच नाही. जिथे दोन तुकडे जुळतात तिथे कापड दुहेरी होतं, रंग गडद होतो आणि तीच भिंतीची कड होते. एका दालनात खोल्यांना खोल्या जोडून बोगद्यासारखी लांब वाट केली आहे. सोल, न्यूयॉर्क, लंडन, जिथे जिथे हा माणूस राहिला तिथली दारं, पॅसेज, उंबरे, सगळं खऱ्या मापाचं. आपण त्यातून चालत जायचं. एका घराचा रंग संपतो, दुसऱ्याचा सुरू होतो. बिजागरी, कडी, विजेचं बटण, सगळं शिवलेलं. माझा हात दोनदा दाराच्या मुठीकडे गेला आणि मीच मागे घेतला. डोळ्यांना कळत होतं की कापड आहे, हाताला कळत नव्हतं.

सुह यांचा जन्म १९६२चा, सोलचा. वडील सुह से-ओक शाईने चित्रं काढणारे मोठे चित्रकार. त्यांनी सत्तरच्या दशकात राजवाड्याच्या आवारातल्या एका जुन्या वास्तूवरून हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन लाकडी घर, बांधलं, मुलगा तिथे वाढला. १९९१मध्ये तो अमेरिकेला गेला. पुढे न्यूयॉर्कमध्ये घरासमोर अग्निशमन केंद्र, रात्रभर आवाज. झोप येईना तेव्हा शेवटची शांत झोप कुठे लागली होती ते आठवायला लागला, आणि ती निघाली सोलच्या खोलीतली. मग ती खोलीच सोबत न्यायची ठरवलं, सामानात घडी घालून नेता येईल अशी. पारंपरिक शिवणकाम करणाऱ्या कोरियन बायकांकडून टाके शिकून घेतले आणि १९९९मध्ये रेशमाचं सोलचं घर लॉस एंजेलिसमध्ये टांगलं. ते ज्या शहरात जाईल त्या शहराचं नावही त्याच्या नावाला जोडलं जातं. नंतरची घरं पॉलिएस्टरची, स्टीलच्या तारेवर ताणलेली.

प्रदर्शनाचं नाव 'वॉक द हाऊस'. हानोक खांब-तुळया सोडवून दुसरीकडे नेऊन उभारता येतं, त्यासाठी तिकडचे सुतार 'घर चालवत नेणं' म्हणतात.

ते वाचल्यावर मी बाकावर बसून राहिले. आमचं संगमेश्वरकडचं घर महामार्गाच्या चौपदरीकरणात गेलं. तुळया विकल्या, दारं कुणी कुणी नेली. कुणीही माप घेऊन ठेवलं नाही. माझ्याकडे फोटो आहेत, पण सगळे माणसांचे. घर आपलं मागे, अर्धं कापलेलं.

सर्वांत जास्त वेळ मी एका पांढऱ्या पारदर्शक घरात काढला. ते त्यांच्या लंडनच्या घराचं. पण भिंतींवरची बटणं, कड्या, सॉकेट अनेक शहरांतल्या घरांचे, प्रत्येक शहराचा रंग वेगळा, आणि प्रत्येक वस्तू आपल्या मूळ उंचीवर. त्यामुळे एकाच भिंतीवर बटणं खालीवर विखुरलेली. इतक्या वर्षांत एका माणसाचा हात कुठे कुठे गेला याचा तो नकाशाच आहे. घर म्हणजे माझ्या मते एवढंच उरतं. छप्पर-बिप्पर नंतर.


रविवार, १५ जून

सकाळपासून माजघराचं दार आठवते आहे. स्वयंपाकघरात शिरताना मी मान खाली घालायचे. दहावीनंतर घालायला लागले, कारण एकदा कपाळ फुटलं होतं. म्हणजे चौकट माझ्या भुवईच्या जरा वर. इथल्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि पेन्सिलीने खूण केली: ५८ इंच. उंबरा एक वीत, तोही धरला. पाय किती उचलायचा ते पायाला अजून पक्कं ठाऊक आहे.

रुंदी मात्र येईना. आईला विचारलं तर म्हणाली, "उंची मला नको विचारूस, मी बुटकी, मला कधी वाकावं लागलंच नाही. रुंदी सांगते. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीवरून दोन कळशा आणायचे, एक कमरेवर, एक हातात. आत शिरताना दोन्ही कोपरं चौकटीला घासायची."

मग फोन ठेवून दिला तिने. वीस मिनिटांनी परत आला. चिपळूणच्या स्वयंपाकघरात ती दोन कळशा घेऊन उभी राहिली, पाणी भरून, कारण रिकाम्या कळशीला कमर तशी बाहेर जात नाही म्हणे. बाबांनी शिवणाच्या टेपने कोपरापासून कोपरापर्यंत मोजलं.

"एकतीस," ती म्हणाली. "पण घासायची, म्हणजे तू तीसच धर. आणि ऐक, दोन्ही बाजूंना एकेक इंच माया सोड."

कागदावर लिहून घेतलं. उंची ५८, रुंदी ३०, अधिक माया.