गोल आधी गॅलरीत, मग आमच्याकडं

आमच्या पाटीवर अजून ‘साऊंड सर्व्हिस’ एवढंच आहे. रेडिओ असं कुठंही लिहिलेलं नाही, कारण आम्ही फुटबॉलचे सामने इंटरनेटवरून सांगतो, कायद्याच्या भाषेत आम्ही रेडिओ नव्हेच. पण कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला उतरून ‘फुटबॉलचा रेडिओ कुठं?’ असं विचारलंत, तर चहाच्या गाड्यावरचा माणूस आमच्या जिन्याकडं बोट दाखवतो.

धंदा वडिलांचा, म्हणजे आण्णांचा. दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि एक बॅटरी. लग्न, वास्तुशांत, गणपती, निवडणूक, मिळेल ते काम घ्यायचे. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली आणि आमच्या घरी रेडिओ आला तो त्यानंतर. क्रिकेट मराठीतून सांगता येतं हे ज्यांनी महाराष्ट्राला ऐकवलं त्या बाळ ज. पंडितांचं समालोचन लागलं, की आण्णा हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवायचे. मंडपवाला खाली हाका मारत असायचा, तरी उठायचे नाहीत.

शाहू स्टेडियमवर एका स्पर्धेला आमचा साऊंड होता. निवेदक आलाच नाही. आण्णांनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “दिसतंय तेवढं बोल.” तिथून माझी सुरुवात झाली. पुढं बरीच वर्षं मी गॅलरीतल्या लोकांना, त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलंच परत सांगत होतो. खरी गरज होती ती मैदानावर न आलेल्यांना. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गल्ल्यावर अडकलेला, पुण्यात नोकरीला गेलेला, दुबईत ड्युटीवर असलेला. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर असले की यांचे मला मैदानातच फोन यायचे, “किती झालं?”

रीतसर रेडिओ काढायचा म्हणून चौकशी केली. खासगी एफएमची फ्रिक्वेन्सी लिलावात मिळते, आणि तिथले आकडे आमच्यासारख्यांसाठी नसतात. कम्युनिटी रेडिओची परवानगी आधी शिक्षणसंस्थांना होती, २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. पण नफ्याचा धंदा करणाऱ्याला ती नाही, आणि आम्ही तर धंदेवाले. मग २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळपास फुकट झाला, आणि पुढच्या जानेवारीत आम्ही लॅपटॉप, मिक्सर आणि एक मोबाईल घेऊन इंटरनेटवर बोलायला लागलो. पहिल्या सामन्याला अकरा जण ऐकत होते. त्यातले चार घरचे.

तांत्रिक अडचणी सुटत गेल्या. मध्यंतरात सिनेमाची गाणी लावायची तर हक्कांचे पैसे भरावे लागतात, म्हणून ओळखीच्या पोरांकडून हलगी-घुमकं वाजवून घेतलं आणि तेच आजतागायत लावतो. आवाज मात्र पोचायला तीसेक सेकंद उशीर होतो, त्यावर इलाज सापडला नाही. स्टेडियमजवळ राहणाऱ्यांना आधी गॅलरीचा आरडाओरडा ऐकू येतो, मग आमचा गोल. एका पानपट्टीवाल्यानं या तीस सेकंदांवर गिऱ्हाइकांशी चहाच्या पैजा मारल्या आणि महिनाभर फुकट चहा प्याला.

न सुटणारी अडचण वेगळीच होती. मी जन्मानं शिवाजी पेठेचा. कोल्हापुरात संघ पेठांचे, म्हणून फुटबॉलवर बोलणाऱ्याला पहिला प्रश्न एकच, “तुमी कुठल्या पेठंचं?” पहिल्या हंगामात आमच्या पेठेच्या शिवाजी तरुण मंडळाच्या एका सामन्यानंतर समोरच्या संघाची चारपाच पोरं दुकानात आली. भांडायला नव्हे, हिशेब मागायला. म्हणाली, “त्यांच्या गोलाला तुमचा ‘गोऽऽल’ लांबलचक, आमच्या गोलाला तोकडा.” मी हसण्यावारी नेलं. बायकोनं मात्र रेकॉर्डिंग काढून मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. त्या पोरांच्या संघाच्या गोलाला चार सेकंद, आमच्या पेठेच्या गोलाला नऊ.

त्या दिवसापासून नियम केला. ज्याच्या पेठेचा सामना त्यानं माईकला हात लावायचा नाही. त्यामुळं चार पेठांतले चार निवेदक जमवावे लागले. खर्च वाढला आणि एकमेकांची खेचाखेचीही वाढली. मला विचाराल तर ऐकणारे टिकले ते याच एका गोष्टीमुळं. संघात आफ्रिकेतले खेळाडू यायला लागले तेव्हा सामन्याआधी त्यांच्याजवळ जाऊन नाव कसं उच्चारायचं ते विचारायची सवयही आमच्यातल्याच एकानं लावली. नाव चुकलं की खेळाडू काही म्हणत नाही, त्याच्या पेठेची माणसं म्हणतात.

पैशाचं फार सांगण्यासारखं नाही. टायरवाले, सराफ, मिसळवाले यांच्या जाहिरातींवर चालतं. एकानं अख्खा हंगाम जाहिरात वाजवून घेतली आणि शेवटी फोन उचलणंच बंद केलं. आता अर्धे पैसे आधी.

२०१७च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून होता. त्या सामन्यांचे हक्क दुसऱ्यांचे, म्हणून आम्ही सामना संपला की गप्पांना बसायचो. भारत तिन्ही सामने हरला, तरी आमच्याकडं फोन थांबेनात.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगा त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली. दुकान तळमजल्यावर होतं. मिक्सर, अँप्लिफायर, आण्णांचे जुने भोंगे, सगळं पाण्यात. भोंगे तेवढे पुसून परत वाजले. जिना चढून यावं लागतं ते त्यामुळं. सावरतोय तोवर २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मैदानच बंद झालं. त्या काळात जुन्या खेळाडूंना फोन लावून त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या. अनवाणी खेळलेली माणसं होती त्यात. आमच्याजवळचा सगळ्यात मोलाचा साठा मी तोच मानतो, जाहिरातदार मानत नाहीत.

आता मोबाईलवर चित्रासकट सामने दिसतात. पोरं म्हणतात, कॅमेरा घ्या. पण रिक्षावाला चित्र बघत रिक्षा कशी चालवणार? आणि गल्ल्यावरचा सोनं तोलताना?

आण्णा हल्ली मैदानावर येत नाहीत, घरी कानाला लावून बसतात. सामना चालू असताना त्यांचा फोन आला तर मी उचलतो, कारण दर वेळी वाक्य एकच असतं, “किती वेळ झाला, स्कोअर सांग की लेका.”