दोन सँ-जोसेफ आणि एक फ्रीज

मॉन्ट्रियलमधले बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात. म्हणून १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिन असला, तरी इथे तो घर बदलायचा दिवस. सामान हलवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कुठली गाडी कुठे पाठवायची हे मी ठरवतो. त्या दिवशी सकाळी आठचं काम होतं: बुलवार (म्हणजे रुंद रस्ता) सँ-जोसेफ, दोन बेडरूमचं घर, तीन माणसं, वीस फुटी ट्रक.

आठ वीसला टोळीप्रमुखाचा फोन. "यादीत पियानो आहे, इथे पियानो नाही. फ्रीज अर्ध्या जिन्यात आलाय." मी यादी उघडतोय तोवर दुसऱ्या लाइनवर गिऱ्हाईक. "गाडी कुठे आहे? मी सात वाजल्यापासून वाट बघतेय."

बाई लाशीनला, नदीकाठच्या सँ-जोसेफवर. गाडी शहराच्या प्लातो या भागातल्या सँ-जोसेफवर, पंधराएक किलोमीटर लांब. घर क्रमांक तोच. आणि दार उघडणारा माणूसही खोकी बांधून हमालांची वाटच बघत होता, कारण तारीख १ जुलै! एरवी चूक दारातच कळली असती.

मुळात लाशीन हे वेगळं शहर होतं. २००२ च्या १ जानेवारीला मॉन्ट्रियल बेटावरच्या २८ नगरपालिकांचं एक शहर केलं, आणि लाशीन त्याचं आरोंदिसमाँ झालं, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डासारखा, पण स्वतःचा महापौर आणि परिषद असलेला विभाग. २००४ मध्ये सार्वमत झालं, २००६ पासून १५ गावं पुन्हा स्वतंत्र झाली. लाशीन शहरातच राहिलं. आज शहरात १९ आरोंदिसमाँ आहेत. शहरं एक झाली, पण रस्त्यांची नावं ज्या त्या गावाने आपापली ठेवली होती ती बरीचशी तशीच राहिली. सँ-जोसेफ दोन, सँतांत्वान दोन. बारावी अव्हेन्यू शहरातल्या रोझमाँ भागात आहे, लाशीनमध्येही आहे. मुंबईकराला हे समजावायला नको, एम. जी. रोड फोर्टातही आहे, घाटकोपरलाही आणि गोरेगावलाही. क्वेबेक शहराने आपल्या विलीनीकरणानंतर अशी बरीच जुळी नावं बदलली. मॉन्ट्रियलने तेवढा घाट घातला नाही, आणि मला वाटतं त्याचा भुर्दंड आमच्यासारख्यांना पडतो.

खुणा मात्र पत्त्यातच असतात. विलीनीकरणाआधीच्या मॉन्ट्रियल शहरात सँ-लोराँ बुलवार ही मधली रेघ. तिला आडव्या छेदणाऱ्या रस्त्यांच्या नावापुढे 'एस्त' (पूर्व) किंवा 'वेस्त' (पश्चिम) लागतं आणि क्रमांक तिथूनच सुरू होतात. प्लातोचा रस्ता म्हणूनच 'सँ-जोसेफ एस्त'. लाशीनची घर क्रमांकांची स्वतःची मोजणी, नावापुढे दिशा नाही. बाईंनी दिशा लिहिली नव्हती ती विसरून नव्हे, नव्हतीच म्हणून. आमच्या माणसाने ती राहिली असं समजून नकाशाने सुचवलेला पहिला पर्याय दाबला. पिन कोडने तर सरळच सांगितलं असतं: लाशीनचा 'एच८एस', प्लातोच्या त्या भागाचा 'एच२जे'. पण अर्जातला तो रकाना ऐच्छिक होता.

सगळ्यात लागलं ते पुढचं. घरासमोर ट्रकला जागा राखायचा परवाना आरोंदिसमाँकडून घ्यावा लागतो, नियम ज्याचे त्याचे. बाईंनी तो आठवडाभर आधीच घेऊन मेलला जोडला होता. वर ठळक अक्षरात 'लाशीन'. आम्ही कुणी तो उघडलाच नव्हता.

आता पिन कोडशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि त्यावरून आरोंदिसमाँ आपोआप भरलं जातं. फोनवर तरीही मी एक प्रश्न विचारतोच: "नगरपालिकेचं कार्यालय कुठलं जवळ पडतं?" लाशीनचा माणूस लगेच सांगतो, इथेच, १८०० सँ-जोसेफला. स्वतंत्र गावांसाठी यादी निराळी. मॉन्ट्रियल-वेस्ट नावाचं गाव मॉन्ट्रियल शहरात नाही, आणि शेरब्रूक वेस्त रस्ता वेस्टमाउंट या स्वतंत्र गावातून जातो तेवढ्या पट्ट्यात परवाना वेस्टमाउंटचा लागतो, घर क्रमांक मात्र सलग.

त्या दिवशी तुर्कोच्या उड्डाणपुलावर गर्दी, गाडी लाशीनला पोचली सव्वानऊला. तोवर बाईंच्या जागेवर येणारं कुटुंब खाली स्वतःचा ट्रक लावून उभं, आणि त्यांच्या जुन्या घरात येणारे त्यांच्या नावाने फोन करत होते. एका तासाच्या उशिरात तीन घरं अडकली. पहिला तास आम्ही बाईंकडून घेतला नाही.

प्लातोचा फ्रीज? टोळीप्रमुख तो पुन्हा वर चढवायला निघाला, तर मालकाने हात जोडले. त्या गोल लोखंडी जिन्यातून तसाही तो खालीच आणायचा होता. त्याचे हमाल नऊला आले तेव्हा फ्रीज फुटपाथवर तयार होता.