९१ जागा आणि ९५ माणसं: पहिल्या अमेरिकन काँग्रेसची यादी करतानाचा माझा अनुभव

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी दोन आकडे पाठ केले होते, सिनेटर १०० आणि हाऊसचे मतदान करणारे सदस्य ४३५. ऑफिसरने त्यातला एकच विचारला, मी सांगितला, विषय तिथेच संपला. मग यंदा आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत अमेरिकेच्या २५० वर्षांनिमित्त प्रत्येक पालकाने मराठीत एकेक तक्ता करून द्यायचं ठरलं आणि मी लगेच हात वर केला, म्हटलं पहिल्या काँग्रेसची यादी मी करतो (काँग्रेस म्हणजे इथली संसद, हाऊस आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं), १७८९ ते १७९१, सदस्य कोण आणि पदाधिकारी कोण. एका रविवारचं काम असेल असं वाटलं होतं, लागले नऊ आठवडे. त्यात जे सापडलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण मराठीत मला हे सलग कुठेच वाचायला मिळालं नाही.

पहिली अडचण बेरजेची. एका ठिकाणी हाऊसचे सदस्य ५९, दुसरीकडे ६५, आणि मी स्वतः नावं मोजली तर ६६. सिनेटचं तर विचारूच नका, २०, २२, २६ असे तीन आकडे दिसत होते आणि माझ्या वहीत नावं २९ झाली होती. दोन रविवार गेले, तीनदा यादी खोडली, शेवटी चिडून सांगलीला बाबांना फोन केला. बाबा जिल्हा परिषदेत आस्थापना शाखेत होते, आयुष्य मस्टर आणि सेवापुस्तकं भरण्यात गेलंय. त्यांना अमेरिकेच्या इतिहासाचं फार काही माहीत नाही पण दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, तू पद आणि माणूस एकाच रकान्यात लिहितोयस. आधी मंजूर पदं किती ते लिही, मग भरलेली किती, रिक्त किती. आणि प्रत्येक नावापुढे रुजू झाल्याची तारीख आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख टाक, बेरीज आपोआप बसेल."

खरंच बसली. मंजूर पदं थेट राज्यघटनेतच लिहिलेली आहेत, पहिली जनगणना होईपर्यंत कुठल्या राज्याला किती जागा ते पहिल्याच कलमात आहे, व्हर्जिनिया १०, मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनिया ८-८, डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड १-१, असं करत तेरा राज्यांच्या ६५. पण काँग्रेस भरली तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड यांनी घटना मान्यच केलेली नव्हती, म्हणून त्यांच्या ५ आणि १ अशा सहा जागा वजा, राहिल्या ५९. नॉर्थ कॅरोलायना नोव्हेंबर १७८९ मध्ये आली, ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये, तेव्हा कुठे ६५ पूर्ण झाले. मग ६६वं नाव कुठलं? व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड १ जून १७९० ला वारले, पदावर असताना गेलेले हाऊसचे ते पहिले सदस्य, आणि त्यांच्या जागी विल्यम जाइल्स निवडून आले. जागा एक, माणसं दोन.

सिनेटचा हिशोब जास्त गुंतागुंतीचा. प्रत्येक राज्याचे दोन, म्हणजे अकरा राज्यांचे २२ हवेत, पण न्यूयॉर्कच्या विधिमंडळातली दोन सभागृहं सिनेटर निवडायचा कसा यावरच भांडत बसली, त्यामुळे रुफस किंग आणि फिलिप स्कायलर जुलै १७८९ च्या शेवटी आले आणि तोवर २०. उशिरा आलेल्या दोन राज्यांचे चार धरून २६. मग व्हर्जिनियाचे विल्यम ग्रेसन मार्च १७९० मध्ये वारले, गव्हर्नरने जॉन वॉकर यांना तात्पुरतं नेमलं आणि नोव्हेंबरात जेम्स मन्रो निवडून आले, म्हणजे एकाच जागेवर तीन नावं. न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन गव्हर्नर झाले म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि फिलेमन डिकिन्सन आले. २६ अधिक वॉकर, मन्रो आणि डिकिन्सन, झाले २९. हाऊसचे ६६ आणि सिनेटचे २९ मिळून ९५ माणसं, जागा मात्र ९१. हे जुळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, तिकडे सकाळ असणार म्हणून बाबांना लगेच मेसेज केला, त्यांचं उत्तर आलं, "आता मस्टर बघ. हजर कोण होतं ते."

हजेरी बघायची म्हणजे दोन्ही सभागृहांची जर्नल, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदी, वाचायची. ती ऑनलाइन फुकट आहेत आणि भाषा अवघड नाही, ज्याला अशी यादी करायची असेल त्याने बाकी सगळं सोडून आधी तीच उघडावीत असं मी म्हणेन. ४ मार्च १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलमध्ये काँग्रेस सुरू व्हायची होती. हाऊसचे १३ जण आले आणि सिनेटचे ८. नवीन राज्यघटना, नवीन सरकार, आणि पहिल्या दिवशी गणपूर्तीच नाही! त्या आठ जणांची नावं मी वेगळ्या शाईने लिहिली, लँगडन, विंगेट, स्ट्राँग, जॉन्सन, एल्सवर्थ, मक्ले, मॉरिस आणि फ्यू. हे आठ जण न आलेल्यांना पत्र पाठवतात, लवकर या म्हणून, आणि पुन्हा रोज येऊन बसतात. मग पॅटरसन येतात, बॅसेट येतात, एल्मर येतात, अकरा होतात आणि तिथेच थांबतं, कारण २२ पैकी १२ लागतात. बारावे रिचर्ड हेन्री ली, ते ६ एप्रिलला पोचले. हाऊसची गणपूर्ती ३० ची, ती १ एप्रिलला झाली. खराब रस्ते, घोडागाड्या, समुद्रमार्गे येणारे वेगळेच, एक महिना रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिलेल्या या लोकांबद्दल मला फार आदर वाटला, निघून गेले असते तर कोण काय म्हणणार होतं.

आता पदाधिकारी, आणि माझ्या मते तक्त्याचा हा सगळ्यात चांगला भाग आहे. हाऊसने गणपूर्ती झाली त्याच दिवशी फ्रेडरिक म्यूलेनबर्ग यांना स्पीकर केलं, पेनसिल्व्हेनियातले जर्मन घराण्यातले, आधी लुथरन पाद्री होते, सख्खे भाऊ पीटर हेही त्याच सभागृहात सदस्य. क्लार्क (म्हणजे सभागृहाचे सचिव) म्हणून जॉन बेकली, हेच पुढे १८०२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे पहिले ग्रंथपाल झाले. सिनेटचे अध्यक्ष म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स, पण ते अजून निवडून आल्याचं जाहीरच व्हायचं होतं, कारण मतं मोजायला सिनेटला अध्यक्ष हवा आणि अध्यक्ष कोण ते मतं मोजल्याशिवाय कळणार नाही! म्हणून ६ एप्रिलला न्यू हॅम्पशायरच्या जॉन लँगडन यांना हंगामी अध्यक्ष केलं, त्यांनी मतं मोजली आणि वॉशिंग्टन आणि अॅडम्स यांची निवड जाहीर झाली. सिनेटचे सेक्रेटरी सॅम्युअल ओटिस. ३० एप्रिलला फेडरल हॉलच्या सज्जात वॉशिंग्टननी शपथ घेतली तेव्हा बायबल हातात धरून उभे होते ते हेच, १८१४ मध्ये वारेपर्यंत याच पदावर होते, २५ वर्षं.

आणि द्वारपाल. सिनेटचे जेम्स मॅथर्स, हाऊसचे गिफर्ड डॅली. मॅथर्स यांची निवड ७ एप्रिलची, म्हणजे गणपूर्ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सेक्रेटरीच्याही एक दिवस आधी. मला आधी वाटलं द्वारपालाची एवढी काय घाई, पण त्या काळी सिनेटचं कामकाज बंद दाराआड चालायचं, लोकांसाठी गॅलरी १७९५ मध्ये उघडली, तोवर दारावरच्या माणसाचं काम किती महत्त्वाचं असेल बघा. मॅथर्स १८११ पर्यंत त्या दारावर होते. हाऊसमध्ये सार्जंट अॅट आर्म्स (सभागृहात शिस्त राखणारा अधिकारी) म्हणून जोसेफ व्हीटन यांना मे महिन्यात नेमलं, राजदंड त्यांच्या ताब्यात. आपल्या विधानसभेत राजदंड पळवल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलोय, त्यामुळे मुलांना हे पद समजावणं सोपं गेलं.

पगाराचाही एक रकाना केला, सदस्याला दिवसाला ६ डॉलर, स्पीकरला १२. एक रकाना मात्र पुसून टाकला, पक्षाचा. बऱ्याच याद्यांमध्ये प्रत्येक नावापुढे "सरकारच्या बाजूचे" नाहीतर "विरोधातले" असं लिहिलेलं असतं, पण ते नंतरच्या इतिहासकारांनी लावलेलं लेबल आहे, १७८९ मध्ये तसे पक्षच नव्हते. मुलांच्या डोक्यात चुकीचं चित्र बसण्यापेक्षा रकाना नसलेला बरा.

यानंतर तीन आठवडे गेले ते नावं देवनागरीत लिहिण्यात. इंग्रजी यादी करणाऱ्याला स्पेलिंग उतरवलं की झालं, आपल्याला उच्चार माहीत नसेल तर एक अक्षरही पुढे जाता येत नाही. साउथ कॅरोलायनाचे डॅनियल यांचं आडनाव मी "ह्यूगर" लिहून मोकळा झालो होतो, नंतर कळलं की ते फ्रेंच मूळ असलेलं घराणं, उच्चार "यूजी". एल्ब्रिज गेरी यांचं आडनाव "गेरी", पण त्यांच्यावरून पडलेला शब्द (मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखणे) सगळे "जेरीमँडरिंग" असाच म्हणतात, म्हणून मी "जेरी" लिहिलं होतं, तेही बदललं. दोन विल्यम स्मिथ, एक मेरीलँडचे, एक साउथ कॅरोलायनाचे, दोन कॅरोल, एक चार्ल्स सिनेटमध्ये, एक डॅनियल हाऊसमध्ये. एकाच्या तारखा दुसऱ्याला लागल्या होत्या, मुलीने पकडलं.

त्या साउथ कॅरोलायनाच्या स्मिथपाशी मी बराच थांबलो. त्यांच्या निवडीविरुद्ध डेव्हिड रॅमसी यांनी तक्रार केली की हा माणूस क्रांतीची सगळी वर्षं परदेशात होता, १७८३ मध्ये परत आला, मग सात वर्षं नागरिक असण्याची अट पूर्ण कशी झाली? मे १७८९ मध्ये हाऊसने ३६ विरुद्ध १ मतांनी स्मिथच्या बाजूने निकाल दिला, जन्म चार्ल्सटनचा आहे म्हणून. नागरिक कोण, हा प्रश्न या सभागृहासमोर पहिल्या दोन महिन्यांतच आला होता. आणि याच ९५ माणसांच्या काँग्रेसने मार्च १७९० मध्ये परदेशी लोकांना नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा केला, दोन वर्षं इथे राहिलेली "मुक्त गोरी व्यक्ती" असली पाहिजे अशी अट घालून.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला, त्या रात्री काम झालं नाही. माझं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट ज्या कपाटात आहे त्याच्याच शेजारी बसून ज्यांची नावं मी इतक्या प्रेमाने मराठीत उतरवत होतो त्यांनी माझ्यासारख्याला दारातच अडवलं असतं. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये कोर्टाने "गोरे" धरलं म्हणून नागरिकत्व टिकलं, १९२३ मध्ये पंजाबचे शीख भगतसिंग थिंद यांना सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं आणि भारतीयांना सरळ हक्क मिळाला तो १९४६ च्या कायद्याने. १५६ वर्षं. २०२३ मध्ये बेळगावचे श्री ठाणेदार त्याच हाऊसमध्ये सदस्य म्हणून शपथ घेऊन बसले. हे तक्त्यात घालायचं का यावर बायकोशी दोन दिवस बोलणं झालं, मुलं लहान आहेत वगैरे, ती म्हणाली, "यादी घालतोस तर हेही घाल, नाहीतर यादी अर्धीच." घातलं, तळाशी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

तक्ता लावायच्या आधी एका शनिवारी फिलाडेल्फियाला गेलो, चेस्टनट आणि सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर काँग्रेस हॉल आहे, डिसेंबर १७९० पासून पहिल्या काँग्रेसचं तिसरं अधिवेशन न्यूयॉर्कऐवजी तिथे झालं. खाली हाऊस, वरच्या मजल्यावर सिनेट. खोल्या आपल्या कल्पनेपेक्षा खूपच लहान आहेत. मुलगी सिनेटच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मॅथर्स इथे उभे राहायचे का?" म्हटलं हो, इथेच. तिने दाराच्या चौकटीला हात लावून बघितला.

तक्ता आता शाळेच्या भिंतीवर आहे. परवा एका पालकांनी विचारलं की यात व्हरमाँट का नाही, राहिलं का? राहिलं नाही, पहिली काँग्रेस ३ मार्च १७९१ ला संपली आणि व्हरमाँट ४ मार्चला राज्य झालं, एका दिवसाने चुकलं. घरी येऊन नवीन वही काढली, वर "दुसरी काँग्रेस" लिहिलं आणि खाली मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं असे रकाने आखले. व्हरमाँटचे दोन सिनेटर, मोझेस रॉबिन्सन आणि स्टीव्हन ब्रॅडली, एवढी दोनच नावं भरून झालीत, त्यांच्या रुजू तारखा अजून जर्नलमध्ये बघायच्या आहेत.