नवा नकाशा नको, नवी हवा हवी: फँटसी आरपीजीच्या एक्स्पान्शनमधलं वातावरण

ऑब्लिव्हियन या फँटसी आरपीजीमध्ये (एखादं पात्र होऊन खेळायचा गेम) निबेन खाडीतल्या एका छोट्या बेटावर एक विचित्र दरवाजा उघडतो. आत गेलं की जवळजवळ रिकामी, मंद उजेडाची खोली. एक टेबल, टेबलावर टिकटिक करणारा मेट्रोनोम, आणि समोर बसलेला हॅस्किल नावाचा एक नीटनेटका, कंटाळलेल्या आवाजाचा माणूस. तो दोन-चार वाक्यं बोलतो, आत यायचं की नाही ते तुमच्यावर सोडतो आणि निघून जातो. मेट्रोनोम थांबतो. मग खोलीच्या भिंती फुलपाखरं होऊन उडून जातात आणि तुम्ही दुसऱ्याच आकाशाखाली उभे असता.

२००७ साली आलेल्या शिव्हरिंग आइल्स या एक्स्पान्शनची, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेल्या भागाची, ही सुरुवात. इथे लढाई नाही, खजिना नाही. तरी मूळ गेममध्ये डझनावारी तास घालवलेला खेळाडू इथे सावरून बसतो, कारण पुढे जुने नियम चालतीलच याची त्याला खात्री राहत नाही.

मूळ गेमला हे सहसा जमत नाही, आणि त्यात टीमचा दोष नसतो. मोठ्या ओपन वर्ल्ड आरपीजीला शंभर तास सगळ्यांना धरून ठेवायचं असतं. चोरी करणारा, जादू करणारा, फक्त फिरणारा, सगळ्यांसाठी जागा ठेवायची. कंट्रोल्स शिकवायचे, पहिल्या लेव्हलच्या पात्रालाही सगळीकडे जाता यायला हवं. त्यामुळे हवा मध्यम ठेवावी लागते. ऑब्लिव्हियनमधल्या सिरोडिल प्रांताची जंगलं सुंदर आहेत, पण कुठल्याही दिशेला निघालात तरी थोड्याफार फरकाने तीच. एक्स्पान्शनच्या वेळी इंजिन हाताखालचं झालेलं असतं, खेळाडू तयार असतो आणि जागा लहान असते. त्या लहान जागेतली माती, आवाज, माणसं आणि शत्रू असं सगळं एकाच दिशेला ओढता येतं. शिव्हरिंग आइल्सने तर बेटाचे दोन तुकडेच केले: उत्तरेला भडक रंगांचं मेनिया, दक्षिणेला कुबट, काळवंडलेलं डिमेंशिया. न्यू शिओथ हे शहरही तसंच दोन भागांत फाटलेलं.

हवामानाचं सगळ्यात सरळ उदाहरण ऑब्लिव्हियनच्याच मालिकेतल्या मॉरोविंडचं. मूळ गेममध्ये हवामानाचे आठ प्रकार होते: निरभ्र, ढगाळ, धुकं, मळभ, पाऊस, वादळ, राखेचं वादळ आणि रोगट लाल ब्लाइट. २००३ च्या ब्लडमून एक्स्पान्शनने त्यात दोनच घातले, हिमवर्षाव आणि हिमवादळ. यादीत ही भर किरकोळ दिसते. पण हिमवादळात दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि ब्लडमून ज्या बेटावर घडतं तिथे लांडगे आहेत. मॉरोविंडमध्ये कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नसतो, वाट खुणांवरून शोधायची असते. खुणाच दिसेनाशा झाल्या की बेट आपोआप मोठं आणि एकाकी होतं. एक दृश्य परिणाम आणि गेमचा एक जुना नियम एकमेकांना भिडले. नुसता बर्फ सुंदर रंगवून हे साधलं नसतं.

त्याच बेटावर, सोलस्थाइमवर, रेव्हन रॉक नावाची खाणवसाहत आहे. ब्लडमूनमध्ये ती तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. ईस्ट एम्पायर कंपनीची कामं करत जायचं, काही दिवस जाऊ द्यायचे, परत यायचं, की आणखी एखादी इमारत झालेली. मग २०१२ मध्ये त्याच मालिकेतल्या स्कायरिमचं ड्रॅगनबॉर्न एक्स्पान्शन आलं आणि तेच रेव्हन रॉक सुमारे दोनशे वर्षांनंतर पुन्हा भेटलं. मधल्या काळात रेड माउंटन या ज्वालामुखीचा उद्रेक झालेला. अंगणात राख, छपरावर राख, राखेची वादळं अडवायला बांधलेली भिंत, आणि एबनी हे मौल्यवान खनिज संपलं असं सांगून बंद केलेली खाण. ज्याने ती वसाहत वसवली होती त्याला हे बघताना कोणी काही समजावून सांगावं लागत नाही. त्यात पार्श्वभूमीला संगीतकार जेरेमी सोलच्या मॉरोविंडमधल्या जुन्या चाली वाजतात. ज्याने मॉरोविंड खेळलंच नाही, त्यालाही गाव पडतीला लागलंय हे कळतं, कारण गावात फिरताना सगळे खाणीबद्दलच बोलतात. माझ्या मते वातावरण घडवण्याचं इतकं चांगलं काम फार थोड्या गेम्सनी केलंय, आणि तेही दोन वेगवेगळ्या दशकांतल्या दोन एक्स्पान्शनांनी मिळून.

उजेडाबद्दल बोलायचं तर द विचर ३ चं ब्लड अँड वाइन (मे २०१६). तूसाँ या नव्या प्रदेशात पोचताच रंग गडद होतात, सावल्या स्वच्छ पडतात, टेकड्यांवर द्राक्षमळे दिसतात. पण ते ऊन डोळ्यांत भरतं ते मूळ गेममधल्या व्हेलेन प्रदेशाच्या चिखलामुळे. लटकलेली प्रेतं, दलदल आणि करडं आकाश पन्नास तास पाहिल्यावरच तूसाँ सुट्टीसारखं वाटतं, आणि म्हणूनच त्या सुंदर रस्त्यावर प्रेत सापडलं की जास्त लागतं. या गेममध्ये मूळ कथा बाजूला ठेवून, तयार पात्र घेऊन थेट एक्स्पान्शन सुरू करण्याची सोय आहे. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ती अजिबात वापरू नये. विरोधच निघून जातो, आणि मग तूसाँ म्हणजे नुसता छान ग्राफिक्सचा नकाशा उरतो. मुख्य कथा संपवून, साधारण ३४-३५ लेव्हलला तिकडे वळावं.

त्याआधीचं हार्ट्स ऑफ स्टोन (ऑक्टोबर २०१५) नेमकं उलटं. त्यात नवा प्रदेश जवळजवळ नाहीच, बरंचसं जुन्या नकाशाच्या कडेला घडतं. इथे हवा बदलते ती एका माणसामुळे. गॉन्टर ओ'डिम मूळ गेमच्या अगदी सुरुवातीला व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत भेटतो, नायक शोधत असलेल्या येनेफरबद्दल थोडी माहिती देतो आणि विसरला जातो. एक्स्पान्शनमध्ये तोच परत येतो. एका प्रसंगात खानावळीतला सगळा गोंगाट एका क्षणात थांबतो. सगळे जागच्या जागी गोठलेले, आणि हा एकटा आरामात चालत, मध्ये येऊन त्रास देणाऱ्या एका दारुड्याच्या डोळ्यात लाकडी चमचा खुपसतो. मग काळ पुन्हा चालू. राक्षस नाही, आग नाही. खानावळीचा जो आवाज शंभर तास कानांना सवयीचा झाला होता, तो काढून घेतला, बस. त्यानंतर व्हाइट ऑर्चर्डमधली ती पहिली भेट आठवली की मूळ गेमचीही हवा मागे जाऊन बदलते.

सगळ्यात परिणामकारक एक्स्पान्शन खेळाडूकडून काहीतरी काढून घेतात. स्कायरिमच्या डॉनगार्डमध्ये सोल केर्न या आत्म्यांच्या प्रदेशात जायचं तर जिवंत माणसाला थेट प्रवेश नाही. एकतर व्हॅम्पायर व्हा, नाहीतर आत्म्याचा काही भाग गहाण ठेवा. गहाण ठेवलात तर तिथे असेपर्यंत हेल्थ, मॅजिका (जादूची शक्ती), स्टॅमिना (दम) सगळं कमी. जांभळं आकाश सुंदर आहेच, पण प्रत्येक लढाईत आपण अर्धे आहोत ही जाणीव त्या आकाशापेक्षा जास्त काम करते. ड्रॅगनबॉर्नमध्ये सोलस्थाइमवर झोपलात तर कधी कधी बिछान्यात जाग येत नाही. रात्री इतर गावकरी ज्या दगडाभोवती झोपेत राबतात, तिथेच तुम्हीही राबताना सापडता. नेव्हरविंटर नाइट्स २ च्या मास्क ऑफ द बिट्रेयरने (२००७) तर पात्राला आत्मे खाण्याची भूकच लावली. विश्रांती घेतली, प्रवास केला, की शक्तीची पट्टी खाली जाते. पट्टी संपली तर मरण, आणि हावरटपणे खात सुटलं तर भूक वाढते. अनेकांना ही पट्टी जाचक वाटते. पण भूक दाबून धरणारी क्षमता वेळेवर वापरली तर ती सहज आटोक्यात राहते, आणि त्या जाचातच कथेचा सगळा अर्थ आहे.

एल्डन रिंगच्या शॅडो ऑफ द अर्डट्री (जून २०२४) मध्ये हीच गोष्ट आकड्यांत मांडलेली आहे. राडान आणि मोग या दोन बॉसना (मोठ्या शत्रूंना) हरवल्याशिवाय तिकडचा रस्ताच उघडत नाही, म्हणजे येणारा प्रत्येक जण तगडा असतो. तो तगडेपणा पोचल्या पोचल्या अपुरा पडतो. तिथली ताकद वाढते स्कॅडूट्रीच्या तुकड्यांनी: एकूण ५० तुकडे, त्यातून जास्तीत जास्त २० पायऱ्या, आणि परिणाम फक्त त्या सावलीच्या प्रदेशापुरता. म्हणून अनुभवी खेळाडूलाही पुन्हा कोपरे धुंडाळावे लागतात, दबकत चालावं लागतं. पुढे अबिसल वुड्स नावाच्या रानात टॉरेंट घोडा बोलावताच येत नाही. मूळ गेममध्ये प्रत्येक चुकीवरचा उतारा म्हणजे टॉरेंटवर बसून पळणं. तोच नाही, आणि झाडांमध्ये असं काही फिरतंय की त्याच्या नजरेला पडायचं नाही, गवतातून वाकून सरकायचं. इथे तुकडे न गोळा करता थेट बॉसवर जाऊन आपटणारे बरेच जण चिडतात. दोन घावांत मरायला लागलं की दडपणाचा राग होतो, आणि रागात वातावरण दिसत नाही. रिलीजनंतर काही दिवसांतच आलेल्या पॅचमध्ये सुरुवातीच्या पायऱ्यांचा फायदा वाढवावा लागला, तो यासाठीच. अडलात की बॉस सोडा आणि मिकेला या पात्राच्या नावाचे, जागोजागी उभे असलेले क्रॉस शोधत फिरा. काही तुकडे त्यांच्यापाशी मिळतात.

आता बिघडतं कुठे ते. स्कायरिममध्ये १० व्या लेव्हलनंतर डॉनगार्डचं बोलावणं येतं आणि रात्री गावांवर व्हॅम्पायरचे हल्ले सुरू होऊ शकतात. त्यात दुकानदार मेला तर तो गेलाच. ग्रेबिअर्ड्स या डोंगरावरच्या साधूंचं पहिलं काम झालं की ड्रॅगनबॉर्नचे मुखवटेवाले मारेकरी येऊन थडकतात. दोन्ही एकदम अंगावर आलं की कशाचीच हवा जमत नाही. एका वेळी एकच धरा, दुसऱ्याचं काम जर्नलमध्ये निष्क्रिय करा म्हणजे कंपासवरचा त्याचा बाण जातो, आणि रात्री गावात फास्ट ट्रॅव्हलने (नकाशावरून थेट उडी मारून) उतरणं टाळा. सोलस्थाइमसाठी मारेकऱ्यांची वाट बघायची गरज नाही, विंडहेल्मच्या धक्क्यावरून बोट केव्हाही मिळते. २५-३० लेव्हलला गेलात तर तिथली भीती शिल्लक असते. ५० ला गेलात तर राखेतले शत्रू एका घावात जातात.

सेटिंग्जमध्ये थोडाच वेळ द्या, पण द्या. द विचर ३ मध्ये एचयूडीच्या (पडद्यावर दिसणाऱ्या पट्ट्या, खुणा वगैरेंच्या) पर्यायांत मिनिमॅप बंद करता येतो. तूसाँमध्ये तो बंद केला की नजर आपोआप राजवाड्याच्या शिखरांवर जाते आणि त्यावरून दिशा कळते. एल्डन रिंगमध्ये एचयूडी ऑटोवर ठेवा. स्कायरिममध्ये एचयूडीची अपारदर्शकता कमी करता येते, आणि पावलांच्या आवाजाला स्वतंत्र स्लायडर आहे. संगीत थोडं खाली आणि पावलं थोडी वर केली की सोलस्थाइमचा वारा आणि राखेवरचं चालणं दोन्ही ऐकू येतं.

स्कायरिममध्ये मॉड्स (इतर खेळाडूंनी बनवलेले बदल) वापरणाऱ्यांनी एक पाहावं: हवामानाचा मॉड सोलस्थाइमलाही लागू होतो का? बरेच मॉड मुख्य भूमीपुरतेच असतात. मग बोटीतून उतरताच रंग आणि धुक्याची जात तुटते, राख फिकट आणि खोटी दिसते. दोन मॉड एकाच हवामानाला हात लावत असतील तर लोड ऑर्डरमध्ये (मॉड ज्या क्रमाने लागू होतात त्या यादीत) खाली असलेल्याचं चालतं, दोघांचं मिश्रण होत नाही. मॉड बदलायचा असेल तर घराच्या आत जाऊन सेव्ह करा, गेम बंद करून बदल करा, परत लोड केल्यावर आतच २४ तास थांबा आणि मग बाहेर पडा. उघड्यावर सेव्ह करून बदललं तर जुनं आकाश काही वेळ तसंच अडकून राहू शकतं. रात्री काळ्याकुट्ट करणारे मॉड सोलस्थाइमवर जपून वापरा, कारण राखेच्या वादळात आधीच दिसत नाही. त्यावर तो काळोख चढला की रात्रीच्या त्या दगडाभोवती राबणारी माणसंच अंधारात बुडतात, आणि बेटावर येऊन सर्वात आधी पाहायचं ते तेच आहे.