बदललेल्या ओळी उचलणारा मॅक्रो: आंब्याच्या हिशोबाची फाइल, पुढचा टप्पा

देवगडच्या आमच्या आंब्याच्या हिशोबाची एक्सेल फाइल आता बरीचशी मार्गी लागली आहे. 'पेट्या' शीटवर गाडीला लावलेला माल असतो: नोंद क्रमांक, तारीख, दलाल, किती डझनी पेटी, नग. भावाचा रकाना मात्र रिकामा राहतो. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आली की तो भरायचा, म्हणजे हात लागतो तो जुन्या ओळींना. त्या दिवशी बदललेल्या ओळी तेवढ्याच 'बदल' शीटवर जायला हव्यात, कारण काका संध्याकाळी वहीशी तेवढ्याच ताडून बघतात. अख्खी यादी पुढे ठेवली तर ते चष्मा काढून ठेवतात.

हे काम मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, करतो. त्याची आधीची आवृत्ती वर्कशीट_चेंज या इव्हेंटवर होती, म्हणजे सेल बदलला की मॅक्रो आपोआप चालायचा. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, आणि छोट्या फाइलला ते पुरतंही. सेल बदलला की टार्गेट, म्हणजे तो बदललेला सेल, हातात येतो, त्याची ओळ उचलून पलीकडे टाकायची. त्याच ओळीत वेळेचा शिक्काही मारायचा असेल तर आधी एनेबलइव्हेंट्स फॉल्स करून इव्हेंट बंद ठेवा. नाहीतर तो शिक्काच नवा बदल ठरतो आणि मॅक्रो स्वतःलाच हाका मारत बसतो. शेवटी ते ट्रू करणारी ओळ अशा जागी हवी की चूक आली तरी ती चालवली जाईल, कारण मध्येच एरर आला तर इव्हेंट बंदच राहतात आणि पुढचे बदल गुपचूप सुटतात.

तरीही मी ती पद्धत सोडली. मॅक्रोने शीटवर काही लिहिलं की एक्सेल अंडूची, म्हणजे केलेलं मागे घेण्याची, यादी पुसून टाकतं. नोंदी वहिनी करते, आणि तिचा डावा हात कायम कंट्रोल-झेडवर. प्रत्येक सेलला मॅक्रो पळणार म्हणजे तिचा अंडू कायमचा गेला! शिवाय सूत्राचं उत्तर नुसतं फेरगणनेने बदललं तर चेंज इव्हेंट उठतच नाही. आणि एकाच ओळीत आधी भाव, मग हमाली भरली की ती ओळ दोनदा जाते.

आता बदल जागच्या जागी पकडायचाच नाही, संध्याकाळी बटण दाबून ताडायचं. 'पेट्या'ची एक प्रत 'सावली' नावाच्या शीटवर असते. तिची व्हिजिबल प्रॉपर्टी व्हेरीहिडन ठेवली आहे, म्हणजे राइट-क्लिक करून अनहाइडच्या यादीत ती दिसत नाही. मॅक्रो दोन्ही शीट एकदम ॲरेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तक्त्यात, ओढतो. सेल-सेल वाचण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान. मग सावलीतली प्रत्येक ओळ उभ्या रेघेने जोडून डिक्शनरीत, म्हणजे किल्लीवरून मजकूर शोधून देणाऱ्या यादीत, घालतो, किल्ली नोंद क्रमांकाची. ओळीचा क्रमांक किल्ली म्हणून कामाचा नाही, वहिनीने दलालवार सॉर्ट केलं की सगळंच बदललेलं दिसेल. मग 'पेट्या'ची प्रत्येक ओळ तशीच जोडून तिच्याशी ताडायची; मजकूर जुळला नाही किंवा किल्लीच नसली तर ओळ 'बदल'वर. सगळं झाल्यावरच सावली ताजी करायची. तिन्ही शीट एकाच फाइलमध्ये असल्याने वळवाच्या पावसात लाईट गेली तरी शेवटच्या सेव्हपर्यंतचं सगळं एकमेकांशी जुळलेलंच उघडतं.

सेल वाचताना त्याची व्हॅल्यू प्रॉपर्टी नको, व्हॅल्यू२ घ्या. तारीख त्यात साधा आकडा म्हणून येते, चलनाच्या फॉरमॅटचीही ढवळाढवळ नाही. सेलमध्ये एरर असेल तर जोडताना 'टाइप मिसमॅच' येतो, म्हणून आधी इझएरर तपासा.

आपल्या लोकांना खरा त्रास देवनागरीचा. शीटवर मराठी झकास चालतं, पण व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेच्या, एडिटरमध्ये 'बदल' लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात. सीएचआरडब्ल्यू या फंक्शनला युनिकोड क्रमांक देऊन अक्षरं जुळवता येतात, ब २३४८, द २३४२, ल २३५४. पण जोडाक्षरं आली की हा कारखाना कोण चालवणार? मी शीटचं कोडनेम वापरतो. प्रॉपर्टीज खिडकीत वरचं कंसातलं नेम असतं ते. तिथे इंग्रजी नाव दिलं की टॅबवर मराठीत काहीही लिहा, उद्या कोणी टॅबचं नाव बदललं तरी मॅक्रो अडत नाही. मेसेजबॉक्सही देवनागरी धड दाखवत नाही, म्हणून 'इतक्या ओळी गेल्या' हे वाक्य 'बदल'च्या पहिल्या सेलमध्ये सूत्राने येतं.

राहिलं आहे ते पुसलेल्या ओळींचं. त्या 'पेट्या'वर नसतातच, म्हणून उलटी फेरी मारावी लागेल: सावलीतल्या ज्या किल्ल्या समोर सापडत नाहीत, त्या लाल रंगात 'बदल'वर. कोड अर्धा झाला आहे. काकांचं म्हणणं, पुसायला कोणाला द्यायचंच कशाला, आडवी रेघ मारा.