प्रिंटरला कोड घातला त्याची गोष्ट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मालक दोन भाऊ, फर्म दोन, ऑफिस एक आणि प्रिंटरही एकच. मशीन भाड्याची, कॉपीमागे पैसे. बिल आलं की कुणाची पानं किती यावरून दोघांची धुसफूस ठरलेली. शेवटी थोरले म्हणाले, "प्रत्येकाला नंबर दे. ज्याची पानं त्याच्या खात्यावर." मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते, कॉम्प्युटर बरा चालवते, म्हणून हे माझ्याच गळ्यात.

मशीनमधलं काम सोपं निघालं. मशीनच्या स्क्रीनवरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा तिचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकला, ॲडमिन म्हणून आत गेले. (तो पासवर्ड भाड्यानं देणाऱ्यांकडून मिळवायला मात्र दोन दिवस!) आवडीचा नंबर सांगा म्हटलं, तर तिघांनी जन्मसाल दिलं, दोघांनी १२३४. आमच्या मशीनला कोडबरोबर नाव किंवा पासवर्ड लागत नाही, तो आकडा हीच ओळख. शेजाऱ्याला अंदाज आला की त्याची पानं तुमच्या नावावर. म्हणून नंबर मीच वाटले आणि कोडशिवाय छपाई बंद केली.

दुसऱ्या दिवशी कुणाचीच प्रिंट येईना. कॉम्प्युटर म्हणतो पाठवलं, मशीनचा दिवा लुकलुकतो, कागद काही येत नाही. तक्रारीची एक ओळसुद्धा स्क्रीनवर नाही. संध्याकाळी कंटेनर न्हावाशेवाला निघायचा होता आणि पॅकिंग लिस्ट अडकलेली. मशीन बंद-चालू केली, केबल बदलली. शेंगाचटणी-भाकरी डब्यातच राहिली. अखेर मशीनच्या जॉब लॉगमध्ये, म्हणजे कामांच्या नोंदीत डोकावले, तर प्रत्येक कामापुढे 'कॅन्सल्ड'. कोड आला नाही म्हणून मशीन गुपचूप फेकून देत होती!

पण कॉम्प्युटरवर कोड टाकायचा कुठं? रकानाच नव्हता. विंडोजनं नेटवर्कवर प्रिंटर आपणहून शोधून स्वतःचा साधा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, बसवला होता. तो छापतो, पण त्याला कोड माहीत नाही. मशीनच्या कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाकला तेव्हा रकाना उगवला. कंटेनर गेला, तासभर उशिरानं.

रात्रपाळीचं मात्र रडगाणं चालूच. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर दोन पाळ्यांची दोन लॉगइन. मी कोड 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये भरला होता, तो ज्याच्या लॉगइनमधून भरला त्याच्यापुरताच राहतो. सगळ्यांसाठी हवा असेल तर 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड', तिथं 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'. मी तिथं डिस्पॅचचा कोड घातला. नंतर एकदा लाईट जाऊन आली आणि प्रिंटरचा आयपीच बदलला. राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवला, मिटलं.

आमच्या हिशोबाच्या अण्णांना पंधरा अक्षरी जीएसटी नंबर तोंडपाठ, पण कोडचे चार आकडे राहीनात. झेरॉक्स काढायला मशीनपुढं उभे राहून हाक मारायचे, "माझा नंबर मार की गं!" महिनाभर मीच मारला.

महिनाअखेरीस मशीनमधून कोडवार आकडे काढले. थोरल्यांच्या फर्मची पानं धाकट्यांच्या जवळजवळ दुप्पट. थोरल्यांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. मग म्हणाले, "अजून एक काढ. धाकट्याला द्यावी लागंल."

काढली. थोरल्यांच्याच कोडवर.