म्हणजे माझं चुकत नव्हतं?

गुरुवार, रात्री उशिरा

पतपेढीच्या पावत्या बनवणाऱ्या प्रोग्राममधला बग सुटला. टेस्ट सगळ्या हिरव्या, कोड दुपारीच चढवला. तरी जेवण गेलं नाही.

पावत्यांचे साचे, म्हणजे टेम्प्लेट, लिहिणाऱ्या नीलिमाताईंना फोन करून सांगितलं, "आता इफच्या आत इफ खुशाल टाका, चालतंय." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकत नव्हतं?" आणि लगेच व्याजाच्या रकान्याबद्दल बोलायला लागल्या. मी मात्र तिथेच अडकलेय.

बग तसा ओळखीचा. टेम्प्लेटवरून पावती बनवणाऱ्या अण्णांच्या इंजिनात टॅगच्या जोड्या (इफ म्हणजे अट सुरू, एन्डइफ म्हणजे ती संपली) लावायचं काम रेगेक्सवर, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रावर, सोपवलेलं. इफ दिसलं की पुढचं पहिलं एन्डइफ पकडायचं. इफ एकटं असेल तोवर सगळं सुरळीत. पण 'सभासद कर्जदार असेल तर' आणि त्याच्या पोटात 'हप्ता थकला असेल तर' असं लिहिलं, की आतलं एन्डइफ बाहेरच्या इफला चिकटायचं आणि बाहेरचं बेवारस उरायचं. बरं, पहिल्याऐवजी शेवटचं एन्डइफ पकड म्हणावं, तर एकाखाली एक असलेले दोन वेगळे इफ एकाच घासात जातात. साध्या रेगेक्सला खोली मोजता येत नाही. एकात एक कितीही कंस असले तरी जोड्या लावणं मर्यादित अवस्थांच्या यंत्राला (साधं रेगेक्स म्हणजे मुळात तेच) जमत नाही, हे भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५६ मध्येच दाखवलंय. म्हणून आता रेगेक्स फक्त टॅग सुटे करतं. उघडणारा टॅग ओळ क्रमांकासकट स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थप्पीवर, जातो, बंद करणारा आला की सगळ्यात वरचा उचलून ताडून बघायचा. कॉमेंटमधलं, म्हणजे माणसासाठी लिहिलेल्या टिपेतलं, एन्डइफ मोजायचं नाही, तिथे थोडा वेळ गेला.

हे सगळं झाल्यावर नीलिमाताईंचं फोल्डर उघडलं. पावती_नियमित, पावती_थकित, पावती_थकित_जामीनदार, पावती_थकित_जामीनदार_मयत. जे एका फाइलीत मावलं असतं ते असं पसरलेलं. पतपेढीचा पत्ता बदलला तेव्हा प्रत्येक फाइलीत हाताने बदललाय. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तीच कॉमेंट: 'यात आत इफ टाकू नये. माझ्याकडून चुकतं.'

इंजिन त्यांना सांगायचं, 'तुमच्या टेम्प्लेटमध्ये टॅग जुळत नाही', आणि बोट दाखवायचं शेवटच्या ओळीकडे, जिथे काही बिघडलेलंच नसायचं. ताई त्या ओळीकडे किती वेळ बघत बसल्या असतील? इतक्या नेटक्या बाईने स्वतःला अडाणी ठरवलं आणि कामाची सगळी रीतच त्या समजुतीभोवती बांधली. कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर अण्णांनी... जाऊ दे.

खरं तर मला आज शाबासकी हवी होती. एवढी मान मोडून काम करायचं आणि बाहेरून बघणाऱ्याला पावती कालच्यासारखीच दिसते. माझ्या कामाचं नेहमी हेच. बदलीच्या अर्जाचंही... तो विषय आज नको.

पण कौतुकाच्या जागी तो प्रश्न आला, आणि तो पुनःपुन्हा येतोय. बग काढता येतो. 'माझ्याकडून चुकतं' हे इतकी वर्षं मनात धरून केलेलं काम मी कुठल्या कमिटने परत घेऊ?

जँगो (वेबसाइट बनवायची एक सॉफ्टवेअर चौकट) अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्राच्या वेब विभागात घडलं, २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याची टेम्प्लेट भाषा मुद्दाम एचटीएमएल लिहिणाऱ्यांना सोयीची ठेवलीय, प्रोग्रामर नसलेल्यांनाही. तिथे टॅग बंद करायचा राहिला, तर तो कुठल्या ओळीवर उघडला आणि कोणता बंद करणारा टॅग हवाय, ते सांगतात. मला हे सौजन्य वाटतं, आणि ते कोडात लिहावं लागतं.

संध्याकाळी पुन्हा फोन केला. म्हटलं, सगळ्या पावत्यांची एक फाइल करून देते. ताई म्हणाल्या, "आत्ता नको गं. मार्चअखेर होऊ दे. मला त्या फाइली पाठ आहेत." राग नव्हता, खंतही फारशी जाणवली नाही. कामं पडलीयत त्यांच्यापुढे. ठीक आहे. त्यांच्या फाइली, त्या म्हणतील तेव्हा.

संदेश मात्र आत्ताच बदलला. 'तुमच्या' हा शब्द काढला. आता येतं: 'ओळ १४ वर उघडलेलं इफ बंद झालेलं नाही. एन्डइफ हवं.'